संत्र्याची लिकर (गोड, मुरवलेली दारू): खर्च कुठे वाचवायचा

पहिल्याच खेपेला महागडी व्होडका आणू नकोस. साखर आणि सालीपुढे ब्रँड कळत नाही, ४२.८ टक्के अल्कोहोलची साधी, बिनवासाची ७५० मिली बाटली पुरे.

सहा नागपुरी संत्री गरम पाण्यात घासून धू. सोलायच्या आधीच पीलरने वरची केशरी साल तेवढी काढ, अगदी पातळ. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच, आणि तो साखरेने झाकला जात नाही. गर खाऊन टाक, इथे त्याचं काम नाही. साल काचेच्या बरणीत व्होडकात बुडवून आठवडाभर अंधारात ठेव. मग गाळ. ३०० ग्रॅम साखरेचा तेवढ्याच पाण्यात पाक कर आणि पूर्ण गार झाल्यावरच मिसळ. गढूळ दिसलं तर घाबरू नकोस, ते सालीतलं तेल. महिनाभर मुरू दे (हेच सगळ्यात अवघड!). घरी भट्टी लावून दारू गाळायच्या फंदात मात्र पडू नकोस; तो गुन्हा आहे.