आरएसव्ही लशीला उशीर का झाला?

प्रश्न : तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूवरील लस इतक्या उशिरा का आली?

उत्तर : १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मलिन या रसायनाने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस दिलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला, तेव्हा आजार उलट बळावला आणि दोन बालके दगावली; या धक्क्याने संशोधन मागे पडले. खरी मेख विषाणूला पेशीत शिरायला मदत करणाऱ्या, त्याच्या पृष्ठभागावरील एफ प्रथिनात होती, कारण पेशीत शिरण्यापूर्वीचा त्याचा आकार अस्थिर असतो आणि सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे नेमका तोच आकार ओळखतात. २०१३ मध्ये संशोधक जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी मोजकी अमिनो आम्ले बदलून, जणू टाका घालून आणि पोकळ्या बुजवून, तो आकार स्थिर केला. याच तत्त्वावरील लस २०२३ पासून अमेरिकेत गर्भवतींना दिली जाते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात.