ड्रायपॉइंटमध्ये आजीचं पोर्ट्रेट केलं तर गाल काळेकुट्ट का छापले जातात?

गालावरच्या रेषा फार जवळजवळ आल्यामुळे. ड्रायपॉइंट म्हणजे प्लेटवर सुईने थेट रेषा खरवडून, त्यांत शाई भरून ती कागदावर छापायची पद्धत. यात शाई नुसत्या खाचेत राहत नाही. सुईने खरवडताना रेषेच्या कडेला धातूची जी खरखरीत कड उठते, म्हणजे बर, ती जास्त शाई धरते आणि मखमली काळा देते. अशा कडा एकमेकींना भिडल्या की सुरकुती दिसतच नाही, नुसता डाग उरतो.

म्हणून गालावर सुई जवळजवळ उभी धरून हलक्या, विरळ रेषा काढा. बर कमी उठते आणि टोन करडा राहतो. पदराची घडी, अंबाडा, डोळ्याची वरची पापणी इथे सुई प्लेटशी साधारण 60 अंशांवर तिरपी करून जोर लावा. फार आडवी केलीत तर बर पातळ उठते आणि लवकर मोडते. कपाळ आणि नाकाचा शेंडा कोराच ठेवा, वृद्ध चेहऱ्याचं तेज तिथेच असतं. आधीच काळा पडलेला गाल स्क्रेपरने बर तासून उजळता येतो. शाई पुसताना जाळीदार कापड हलक्या हाताने गोल फिरवा, रगडू नका.

हे तांब्याच्या प्लेटचं झालं. ॲक्रिलिकच्या (प्लास्टिकच्या) प्लेटवर छापताना बर आणखी लवकर दबते, त्यामुळे पहिल्या पाच-सहा प्रतींतच हवा तो काळा मिळवा. आणि बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात भिजवलेला कागद टिपकागदात नीट टिपून घ्या, नाहीतर ओल्या कागदावर शाई फिकी आणि ठिपकेदार उतरते.