पांढऱ्या पेशी लढतात, तरी हिरड्यांची सूज का जात नाही?

आईच्या हिरड्या वर्षभर सुजलेल्या आहेत, ब्रश केला की रक्त येतं; शरीर एवढं झगडतंय, मग जंतू मरत का नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या दुखण्यातल्या एका जंतूला सूज हवीच असते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस त्याचं नाव. साखरेवर तो जगत नाही. त्याला प्रथिनांचे तुकडे लागतात आणि रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग. सुजलेल्या हिरडीतून दोन्ही झिरपत राहतं. ब्लड आगारच्या, म्हणजे रक्त घातलेल्या जेलीच्या प्लेटवर, ऑक्सिजन लागू न देता वाढवला, की आठवड्याभरात त्याचे ठिपके डांबरासारखे काळे होतात. तो काळा रंग म्हणजे त्याने अंगावर साठवलेलं हीम. मुलांना ती प्लेट दाखवली की वेगळं समजवावं लागत नाही.

आता पांढऱ्या पेशींचं. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतू गिळून मारतात, आणि रसायनं सोडून आणखी पेशी बोलावतात. सूज येते ती या बोलावण्यामुळे. हा जंतू मारणं थांबवतो, बोलावणं मात्र चालू ठेवतो. त्याची जिंजिपेन नावाची एन्झाइम्स आपल्याच रक्तातल्या सी५ या संरक्षक प्रथिनाला कापून सी५ए बनवतात. एरवी सी५ए पेशीला चेतवतं. पण त्याच वेळी हा जंतू पेशीचा टीएलआर-२ हा ग्राहीही (जंतूची चाहूल घेणारं पेशीवरचं प्रथिन) चेतवतो, आणि दोन्ही इशारे एकत्र आले की जंतू मारायला लागणारं मायडी८८ प्रथिन पेशी स्वतःच मोडून टाकते. दुसऱ्या मार्गाने गिळणंही अडतं. हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज हाजिशेंगॅलिस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं.

त्याआधी २०११ मध्ये उंदरांत दिसलं होतं, की तोंडातल्या एकूण जंतूंत हा ०.०१ टक्क्याहूनही कमी असला तरी दातांभोवतीचं हाड झिजतं. पण मुळात जंतूच नसलेल्या उंदरांत एकटा सोडला, तर झिजत नाही. म्हणजे झीज होते ती त्याच्या आडोशाला माजलेल्या बाकीच्या जंतूंसकट.

म्हणून नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर विसंबू नका. दातांवरचा थर खरवडून काढावाच लागतो. ‘क्लीनिंग केलं की दात ढिले होतात’ हे ऐकून आईला थांबवू नका, कळकळीने सांगते. ढिले ते आधीच झालेले असतात, दगडासारख्या किटणाने धरून ठेवलेले असतात इतकंच. रक्तातली साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. मधुमेहात हे दुखणं बळावतं. आणि मिश्री लावत असतील तर ती आजच बंद.

डॉक्टरांना प्रत्येक दाताभोवतीच्या फटीची खोली मोजून लिहून द्यायला सांगा. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या आणि दोन्ही आकडे इथे टाका, मी बघते.