काळ्या मातीवरचं जुनं घर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूर भागातून यंदा आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे: विटांची भिंत पुन्हापुन्हा फाटते, आणि गवंडी दरवर्षी सिमेंट भरून जातो. काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणारं आणि सुकलं की आकसणारं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. माती फुगते-आकसते, पाया तिच्याबरोबर हलतो आणि भिंत फाटते. त्यामुळे दुरुस्ती पाण्यापासून सुरू करायची, विटेचा नंबर त्यानंतर.

प्रश्न: अमरावतीला 1974 साली बांधलेलं आमचं बैठं घर आहे, नऊ इंची विटांच्या भिंती, कॉलम नाहीत. मागच्या कोपऱ्यातल्या खिडकीपासून स्लॅबपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांची तिरकी चीर गेली आहे. दोनदा सिमेंटने भरली. पावसाळ्यात मिटते, एप्रिल-मेमध्ये पुन्हा उघडते. घर पाडावं लागेल का?

उत्तर: तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी पाडायचं कारण दिसत नाही. चीर वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर कोपरा खाली बसतोय. उन्हाळ्यात घराखालची मधली माती ओली राहते, कडेची सुकते. कोपऱ्याची माती तर दोन्ही बाजूंनी सुकते, म्हणून तडा आधी तिथेच जातो. चीर खाली रुंद आणि वर बारीक असेल तर उलट समजायचं: भिंतीचा मधला भाग खचतोय. मग आधी त्या बाजूची सांडपाण्याची नळी तपासा.

आता मोजा. चिरेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन पितळी स्क्रू त्रिकोणात बसवा. ते गिलाव्यात नकोत, गिलावा टोकरून थेट विटेत बसवा. दर पंधरा दिवसांनी व्हर्निअर कॅलिपरने तिन्ही अंतरं मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. चीर किती उघडली आणि भिंत किती घसरली, दोन्ही कळतं. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत फक्त भिंत हलली एवढंच सांगते, किती हलली ते नाही. पूर्ण वर्षाची नोंद हवी. मे आणि सप्टेंबरमधला फरक दोन-तीन मिलिमीटर असेल आणि दरवर्षी चीर पूर्वीच्या जागी येत असेल, तर ही ऋतूची हालचाल आहे. दरवर्षी थोडी जास्तच उघडत असेल, किंवा रुंदी 15 मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावल्याशिवाय हात लावू नका.

पाण्याचा बंदोबस्त असा. गच्चीच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून निदान 3 मीटर दूर सोडा. मोरी, संडास आणि सेप्टिक टँकचे सांधे तपासा: चेंबरमध्ये पाणी तुंबवून पातळीवर खूण करा आणि दोन तासांनी बघा. मग घराभोवती 1.2 मीटर रुंद पट्टा बांधा. 45 सेंटिमीटर खोल काळी माती काढून न फुगणारा मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकायचा, वर 250 मायक्रॉनची प्लास्टिक शीट, तिच्यावर 75 मिलिमीटर काँक्रीट. उतार बाहेरच्या बाजूला तीसास एक, म्हणजे एवढ्या रुंदीत 4 सेंटिमीटर. पट्टा जोत्याला चिकटवू नका. मध्ये 12 मिलिमीटरची फट ठेवून ती बिटुमेनच्या सीलंटने भरा, आणि दर दोन मीटरवर पट्ट्याला सांधा द्या.

चरात वाळू भरायची चूक सर्रास होते. वाळूत पावसाचं पाणी साठून राहतं आणि मग पायालाच पाजलं जातं. पट्ट्याचं काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा, तेव्हा माती ओलसर असते आणि ती ओल पट्ट्याखाली टिकते. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर पट्टा घातलात तर पुढे खालची माती हळूहळू ओल धरून त्यालाच उचलते.

चीर भरायची वेळही अशीच बघायची. मे महिन्यात चीर पूर्ण उघडी असताना आत घट्ट सिमेंट भरलं, की पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि ती शेजारून फाटते. तुमच्याकडे दोनदा बहुधा हेच झालं असावं. ऑगस्टमध्ये मिटलेली चीर भरली तर ती उन्हाळ्यात उघडणारच. पट्टा झाल्यावर एक वर्ष जाऊ द्या, वहीतला फरक कमी झाल्याची खात्री करा आणि चीर मध्यम उघडी असताना, डिसेंबर-जानेवारीत, काम घ्या.

दर चौथ्या थराचा आडवा सांधा 35 ते 40 मिलिमीटर खोल कोरा. चिरेच्या दोन्ही बाजूंना निदान 50 सेंटिमीटर जाईल अशी 6 मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची पीळदार सळी न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये (फटीत भरायच्या सिमेंटच्या मसाल्यात) दाबून बसवा. कोपरा आला तर सळी वाकवून दुसऱ्या भिंतीत न्या. पीळदार सळी मिळाली नाही तर स्टेनलेसचीच साधी खाचेदार सळी चालेल. साधी लोखंडी सळी घालू नका, ती गंजून फुगते आणि सांधाच उकलते.

फुटलेली वीट काढताना घाव विटेवर नको. आधी भोवतालच्या सांध्यात ओळीने ड्रिलची भोकं पाडा, मग छिन्नीने मसाला काढा. एका वेळी एक ते तीन विटा, त्याहून जास्त नाहीत. नवी वीट बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. मसाला एक घमेलं सिमेंट, एक घमेलं चाळलेला चुना, सहा घमेली वाळू. एकास तीनचा नुसता सिमेंट मसाला 1974 च्या विटेपेक्षा कडक होतो. मग भिंत हलली की सांधा शाबूत राहतो आणि वीट फुटते. सांधा बिघडला तर कोरून पुन्हा भरता येतो, वीट बिघडली तर ती बदलावीच लागते. कमकुवत काय ठेवायचं ते यातून ठरतं.

गिलावा करताना चिरेवर दोन्ही बाजूंना 15-15 सेंटिमीटर जाळी ठोका आणि सात दिवस पाणी मारा, पण धार पायाशी साचू देऊ नका.

प्रश्न: अकोल्याजवळ घर आहे. भिंतीच्या खालच्या तीन फुटांतल्या विटा पिठासारख्या झडतात, पांढरा खार फुटतो. वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आता पाच फुटांवर आली. काय चुकलं?

उत्तर: गिलावाच चुकला. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात मातीतच नव्हे, भूगर्भातल्या पाण्यातही मीठ असतं. ते पाणी विटांतून वर चढतं, पृष्ठभागावर वाळतं आणि मागे राहिलेले क्षार स्फटिक होऊन विटेचा पापुद्रा सोलतात. तुम्ही वाळायची जागाच बंद केलीत, म्हणून ओल उघड्या जागेपर्यंत वर गेली. तो गिलावा पूर्ण काढा, ओलीच्या खुणेच्याही 30 सेंटिमीटर वरपर्यंत. खार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर नेऊन टाका. पाण्याने धुतलात तर मीठ विरघळून पुन्हा विटेत शिरतं.

मूळ कमतरता म्हणजे जोत्यावर ओलीला अडवणारा थर नाही किंवा तो फुटला आहे. तो नव्याने घालायचा तर भिंतीचे 90 ते 100 सेंटिमीटरचे टप्पे पाडा. एका टप्प्यावर काम करताना शेजारचे दोन तरी टप्पे अखंड हवेत. जोत्याच्या पातळीचे दोन थर विटा काढा, 40 मिलिमीटर काँक्रीट घाला आणि वर गरम बिटुमेनचे दोन हात द्या. त्यावर नव्या विटा रचून शेवटच्या फटीत एकास तीनचा सुकट मसाला आणि स्लेटचे पाचर ठोकून भरा. भार पुन्हा भिंतीवर नीट बसणं या पाचरांवरच अवलंबून आहे. तिथे हयगय झाली तर वरची भिंत खाली येते. आठवडाभर थांबूनच पुढचा टप्पा घ्या. या कामाला वरून टेकू लागतात, म्हणून अनुभवी मिस्त्री आणि इंजिनिअर दोघंही हवेत.

एक मीटर लांबीच्या नऊ इंची भिंतीला चार थर बदलायचे तर साधारण 32 ते 34 विटा लागतात, फुटतूट धरून 40 मागवा. मसाल्यात बोअरचं खारं पाणी वापरू नका, नाहीतर आपल्याच हाताने भिंतीत मीठ भरल्यासारखं होईल. वरून चुन्याचा गिलावा करा: निदान पंधरा दिवस भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि जाड, धुतलेली वाळू तीन भाग. तो काही वर्षांनी झडेल, पण विटेच्या ऐवजी झडेल. त्यासाठीच तो असतो.

प्रश्न: भिंतीपासून दहा फुटांवर चाळीस फुटी कडुनिंब आहे. यवतमाळचे शेजारी म्हणतात, लगेच तोडा.

उत्तर: लगेच तोडू नका. मोठं झाड त्याच्या उंचीएवढ्या अंतरापर्यंतची माती सुकवतं. ते एकदम गेलं की वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला उलटा धक्का देते. दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने फांद्यांचा एक तृतीयांश भाग कमी करत जा, आणि घराकडची नळी फुटकी नाही ना तेवढं बघा, कारण मुळं गळत्या सांध्याकडेच धावतात. नवं झाड लावताना मात्र उंचीइतकं अंतर सोडा. आणि कोणतंही झाड तोडायचं ठरलंच तर नगरपालिकेची परवानगी आधी घ्या.

प्रश्न: सोलापूरला 18 मीटर लांब, पाच फूट उंच, नऊ इंची कुंपणाची भिंत आहे. वरून 6 सेंटिमीटर झुकली आहे. टेकू देऊन चालेल का?

उत्तर: चालणार नाही. ओळंबा लावून पाहिलंत, फार चांगलं केलंत. 230 मिलिमीटर जाडीची भिंत वरच्या टोकाला जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे साधारण 7.7 सेंटिमीटर झुकली, की नुसत्या स्वतःच्या वजनानेच मागचा सांधा उघडायला लागतो. वाऱ्याचा जोर त्यात वेगळा. तुमची 6 सेंटिमीटरवर आहे. रस्त्याची बाजू असेल तर आजच दोरी बांधून माणसं दूर ठेवा. वरून एकेक थर उतरवा, ढकलून पाडू नका. शाबूत विटा साफ करून पुन्हा वापरता येतील.

नवी भिंत नेहमीच्या उथळ पायावर घालू नका. खोल काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल योग्य, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, खाली घंटेसारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब. हे तंत्र रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे रुजवलं. खोली निदान 3.5 मीटर, खोडाचा व्यास 250 मिलिमीटर, फुगवटा त्याच्या अडीचपट, म्हणजे 625 मिलिमीटर. तीन मीटरवर एक पाइल, वर तुळई. तुळई जमिनीपासून 80 मिलिमीटर अधांतरी ठेवा. ही पोकळी विसरली, की पावसाळ्यात माती तुळईलाच खालून उचलते आणि सगळा खर्च वाया जातो. कडेने पातळ फरशी उभी लावा, म्हणजे माती आत येणार नाही. 18 मीटरच्या भिंतीला दर 6 मीटरवर 12 मिलिमीटरचा आरपार सांधा द्या.

प्रश्न: आमची माती किती फुगते ते घरी कळेल का?

उत्तर: अंदाज नक्की येईल. एक-दीड मीटर खोलीची माती घ्या, वरची नको, तिथे पालापाचोळा आणि भराव असतो. वाळवून, कुटून, 425 मायक्रॉनच्या बारीक चाळणीतून चाळा. दहा-दहा ग्रॅम माती 100 मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाका. एकात रॉकेल, दुसऱ्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर भरा. हवेचे बुडबुडे हलवून काढा आणि 24 तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये ती 10 मिलिलिटरवर आणि पाण्यात 22 वर बसली, तर फुगवटा 120 टक्के. 50 च्या आत सौम्य, 50 ते 100 मध्यम, 100 ते 200 जास्त, त्यापुढे अतिशय जास्त. तुमच्या मातीचा आकडा 100 च्या पुढे गेला तर पाया किंवा कुंपण बांधण्याआधी प्रयोगशाळेतून चाचणी करून घ्या. नमुना देताना तो किती खोलीवरून घेतला आणि कोणत्या महिन्यात, हे पिशवीवर लिहायला विसरू नका.