अंगणातलं आर्टिफिशियल गवत एका जागी झिजलंय, तेवढंच रिपेअर होतं का?

होतं, सगळं काढायची गरज नाही. आधी नीट बघा, पाती नुसती आडवी झोपलीयेत का तुटून खालचं बॅकिंग (पाती ज्यात शिवलेली असतात तो खालचा थर) दिसायला लागलंय. झोपली असतील तर कडक नायलॉनच्या ब्रशने उलट्या दिशेने घासा (तारेचा ब्रश अजिबात नको, पाती फाटतात) आणि मग कोरडी सिलिका सँड थोडी थोडी टाकून परत ब्रश मारा, वाळू मुळाशी बसली की पाती उभी राहतात.

बॅकिंग दिसत असेल किंवा काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हाने पाती वितळली असतील तर पॅचच लावावा लागतो. खराब भाग मागच्या बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कापा, खालची जमीन दबली असेल तर भरून ठोकून घ्या, मग सीमिंग टेप (जोडाच्या खाली टाकायची पट्टी) आणि बाहेर वापरायचा ग्लू लावून पॅच चिकटवा. पॅचच्या पात्यांची दिशा बाकीच्यांसारखीच ठेवा, बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग तो तुकडा लांबूनही वेगळा दिसतो. नवीन तुकड्याचा रंग जुन्या उन्हात फिकटलेल्या गवताशी जुळत नाही, म्हणून कुंडीखालचा वगैरे न दिसणारा कोपरा कापून इथे लावा आणि नवीन तुकडा तिकडे टाका.