क्रियापद आधी, विशेषण मागून

बेटा,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला. एवढा लांब मेसेज आणि शेवटी काय, तर "मॅडम, मीच अशी निघाले, आता डिझर्टेशन कुठल्या तोंडाने लिहू". चहा गार झाला माझा. आधी राग आला, खोटं कशाला बोलू, मग तू पाठवलेले निरीक्षणाच्या त्या दोन शीटचे फोटो मोठे करून पाहिले आणि राग गेला.

ग्रुप नंबर चारची चर्चा. विषय ड्रोनने फवारणी करावी का. एका मुलाने दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडलं, तू लिहिलंस "ठाम मत मांडलं". सात मिनिटांनी एका मुलीने अगदी तेच केलं, तू लिहिलंस "मधेच तोंड घातलं". तुझंच पेन, तुझंच अक्षर, आणि डिझर्टेशनचा विषय काय तर लिंगभावाचे साचे, म्हणजे मुलगा असा नि मुलगी तशी हे ठरीव समज! पण हे तुझं तुलाच सापडलं ना, पंधरा दिवसांत, ऑडिओ परत ऐकताना? मग यात रडण्यासारखं काय आहे ते मला समजत नाहीये. मला माझं सापडायला एकोणीस वर्षं लागली. त्यावर येते.

पहिल्या महिन्यात फळ्यावर काय लिहायची मी? क्रियापद आधी, विशेषण मागून. तुम्ही हसायचे, मराठीच्या मॅडम चुकून सायकॉलॉजीला आल्या म्हणायचे, सगळं माहितीये मला. "बोलणं तोडलं" हे क्रियापद. कोणाचं तोडलं, कितव्या मिनिटाला, समोरचा गप्प झाला का, हे लिहिता येतं आणि दुसरं कोणी तपासू पण शकतं. "ठाम", "उद्धट", "आगाऊ" ही विशेषणं, आणि विशेषण बघणाऱ्याच्या खिशातून निघतं. तू घाईत खिशात हात घातलास, बस एवढंच झालंय.

१९७६ चा कॉन्ड्री दांपत्याचा प्रयोग तुला पाठ आहे, नोट्स मीच दिल्या होत्या. नऊ महिन्यांचं बाळ, एकच व्हिडिओ, बघणारे २०४ जण. निम्म्यांना सांगितलं मुलगा आहे, निम्म्यांना सांगितलं मुलगी. डब्यातून टुणकन बाहुलं उडालं आणि बाळ दचकून रडलं. मुलगा समजून बघणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, मुलगी समजणाऱ्यांना भीती. परीक्षेत तू हे लिहून मार्क घेतलेस, पण त्या २०४ मध्ये आपण पण बसलोय हे कोणी लिहीत नाही बघ. त्याच्या दोन वर्षं आधी रुबिन आणि सहकाऱ्यांनी जेमतेम एक दिवसाच्या बाळांच्या आईबापांना विचारलं होतं, तीस जोडपी, पोरापोरींच्या वजनात उंचीत काही फरक नाही, तरी मुली मऊ, नाजूक नाकडोळ्यांच्या, आणि बापांचं तर जास्तच. आपल्याकडे वेगळं आहे का काही? साडेतीन किलोची पोर ओरडून वॉर्ड डोक्यावर घेते आणि आत्याबाई म्हणतात, नाजूक आहे हो.

आता माझं ऐक. १९९९ साली एका कॉलेजात लेक्चररच्या मुलाखती होत्या, पॅनेलवर मी तिसरी. एक बाई आणि एक गृहस्थ शेवटपर्यंत टिकले. दोघांनीही आमच्यातल्या एकाची चूक तोंडावर दुरुस्त केली, संख्याशास्त्राची साधी चूक होती. बाईंच्या नावापुढे मी लिहिलं "जरा आगाऊ वाटतात". त्या गृहस्थांच्या नावापुढे "विषयावर पकड". २०१८ ला रिटायर होताना कपाट रिकामं करत होते तेव्हा ती वही निघाली. उभी होते ती खुर्चीवर बसले. त्याच्या आधीची पाच-सहा वर्षं मी वर्गात मॉस-रॅक्युसिनचा २०१२ चा पेपर चवीचवीने शिकवत होते, की १२७ विज्ञान प्राध्यापकांना एकच अर्ज दिला, फक्त नाव कुठे जॉन कुठे जेनिफर, आणि जॉन जास्त लायक ठरला, त्याला वर्षाला सुमारे ३० हजार डॉलर पगार सुचवला आणि तिला साडेसव्वीस हजार, आणि बघा पोरांनो, बायका प्राध्यापकांनी पण तेच केलं! असं बोट नाचवून सांगायची मी. वही तेव्हा त्याच खोलीतल्या कपाटात होती.

आता तू म्हणशील निवड तुमच्या हातात थोडीच होती. नव्हतीच. अध्यक्षांचं आधीच ठरलेलं असणार, माझ्या दोन शब्दांना कोण विचारतंय, आणि त्या बाई धुळ्याहून अप-डाऊन करणार होत्या, मूल लहान, किती दिवस टिकल्या असत्या. बघ, अजून पण लिहितेच आहे मी हे. मूल लहान होतं हे मी विचारलं पण नव्हतं गं, गळ्यात मंगळसूत्र आणि वय बघून धरून चालले होते. अख्ख्या मुलाखतीत त्या बाईंनी काय काय केलं ते वहीत एका ओळीत नाहीये. काय शिकवून दाखवलं, कुठे अडल्या, काही नाही. नुसतं आगाऊ.

म्हणून म्हणते, क्रियापद आधी. माझ्याकडे क्रियापदं असती तर निदान नंतर तरी मला भांडता आलं असतं, स्वतःशी का होईना.

विशेषण एकदा चिकटलं की ते कारण बनून बसतं, हा दुसरा घोळ. हॉफमन आणि हर्स्टचं १९९० चं काम नीट वाच, सारांश वाचून सोडलंयस असं तुझ्या दुसऱ्या चॅप्टरवरून दिसतंय. लांबच्या काल्पनिक ग्रहावर दोन गट, एकातले बहुतेक शहरात कामाला, दुसऱ्यातले बहुतेक पोरं सांभाळणारे. स्वभावात फरक असा काही दिलेलाच नव्हता. तरी लोक म्हणाले, हे कणखर, ते मायाळू. आणि ही वाटणी अशी का झाली असेल याचं आधी कारण द्यायला लावलं तर अजूनच ठासून म्हणाले. आपल्याकडे ग्रह शोधायला नको, पारोळ्याच्या पुढे कोणत्याही शेतात उभी रहा. निंदणी बायांची का, तर त्यांचा हात हलका. कपाशी वेचणी बायांची का, तर बोटं नाजूक. माझ्या काकूची बोटं आठवतात मला, दिवाळीनंतर नखांच्या कडेला चिरा पडलेल्या, वाळलेल्या बोंडाची टोकं सुयांसारखी असतात, रात्री दिव्याजवळ बसून ती त्या चिरांत तेल भरायची आणि भाकरी थापताना ओठ दाबून धरायची. नाजूक म्हणे!

बदलतं का हे, असं तू विचारलंस. बदलतं, पण आपल्याला पाहिजे तसं नाही. पश्चिम बंगालमध्ये गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, कुठे पुरुषाच्या आवाजात कुठे बाईच्या. जिथे आरक्षणाने बाई प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, कधी आलीच नव्हती तिथे बाईचा आवाज कमी कर्तबगार ठरला. जिथे येऊन गेली होती तिथल्या पुरुषांमध्ये हा भेदभाव जवळजवळ गेला. पण नेता म्हणून पुरुषच बरा ही आवड मात्र तशीच राहिली. बीमन, डुफ्लो वगैरेंचा २००९ चा पेपर आहे. माझं वाचन असं की त्या गावांना तिची क्रियापदं बघायला मिळाली, हापसा बसवला, सभा घेतली, सही केली. तुझ्या थिअरीच्या चॅप्टरला हे लाव. आणि गणितात मुली मागे असतात याची मुलींना आठवण करून दिली की त्यांचे मार्क कमी होतात, असं सांगणाऱ्या त्या १९९९ च्या प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नकोस, नेदरलँड्समध्ये २०१८ ला दोन हजारावर शाळकरी मुलांवर तपासलं तेव्हा तो परिणाम मिळालाच नाही. मी पण वर्षानुवर्षं छातीठोक शिकवला, तेव्हा माझ्या जुन्या नोट्स दाखवून वाद घालू नको.

राहिले तुझे सर, जे म्हणाले नवीन शीट भरून टाक, कोणाला कळतंय. खबरदार! जुनी शीट एक पण फाडायची नाही, ती परिशिष्टात जाणार, तशीच, "तोंड घातलं" सकट. निष्कर्षापेक्षा तीच दोन पानं लोक जास्त वाचतील आणि वाचू देत.

नवीन कोडिंग, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदी, दुसऱ्या दोघांकडून, त्यांना तुझा विषय न सांगता. नावांच्या जागी नंबर. दोघांचं किती जुळतं ते कप्पाने, त्या जुळणी मोजायच्या आकड्याने, काढ, ते तुला येतं. अडचण पुढे आहे, आणि ती सरांच्या डोक्यात येणार नाही. मराठीत क्रियापदच चुगली करतं. "सांगतो", "सांगते", बोलणारा मुलगा की मुलगी ते लगेच कळलं, संपला ना ब्लाइंड! इंग्रजी पेपरवाल्यांना ही डोकेदुखी नाही. तेव्हा रेकॉर्डिंग टाईप करताना "मला वाटतं", "माझं म्हणणं" अशी रूपं करावी लागतील आणि काय काय बदललं त्याची यादी ठेवावी लागेल, कंटाळवाणं काम आहे, कर. गंमत म्हणजे तुझ्या घरच्या अहिराणीत वर्तमानकाळात हा त्रास नाही, "मी सांगस तुले" म्हणणारा बाप्या की बाई, कागदावर कळायचं नाही. ग्रुप चारमध्ये दोघंतिघं अधूनमधून अहिराणीत घसरलेत, ते तुकडे वेगळे काढ, कदाचित तिथेच काही सापडेल. नाही सापडलं तर नाही सापडलं लिही.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गावी येशीलच. झोके खेळून झाले की एक दिवस इकडे ये, आमरस करते. शीटच्या मूळ प्रती आण, झेरॉक्स नको. टाईप केलेले कागद आणलेस तर एक गट मी पण कोड करून देते, पण रेकॉर्डिंग मला ऐकवू नकोस, आणि कोणता नंबर कोणाचा ते मी कितीही विचारलं तरी सांगू नकोस.

तुझ्या मॅडम