पहिल्यांदाच हिमालयात जाताय? आधी एवढं बघा
बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड न थांबता चढता म्हणजे पाय तयार आहेत, हे चांगलंच. पण बेळगाव साधारण 750 मीटरवर आणि उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा माथा 3800 च्या आसपास. तिथली विरळ हवा धडधाकट माणसालाही सोडत नाही.

3000 मीटरच्या वर प्रत्येक मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, जेवण नको वाटलं की वर जाणं थांबवा. डोकेदुखीची गोळी घेऊन पुढे रेटणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक, कारण दुखणं दबतं, विरळ हवेने होणारा आजार वाढतच राहतो. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. एकट्याने मात्र नाही.

हवामानाचं:
- पहाटेच निघा. दुपारी ढग दाटतात, विजा पडतात. परतीची वेळ आधीच ठरवा. माथा समोर दिसत असला तरी वळा.
- दर 1000 मीटरला पारा साधारण 6.5 अंश उतरतो, वाऱ्याचा गारठा वेगळाच.
- सुती बनियन, जीन्स घरीच ठेवा. घामाने भिजली की वाळत नाहीत, अंग गार पडतं.
- रेनकोट सॅकच्या तळाशी नको, वरच हवा.